तळमजल्यावर अडकलेली लिफ्ट

मित्रांनो, जुनी असले तरी मी लिफ्ट आहे, अडगळीची खोली नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मध्यंतरी माझ्यात झाडू, फिनेलच्या बाटल्या आणि एक मोडका पंखा ठेवू लागले होते, म्हणून बोलायची वेळ आली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रे कापले, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, जाळीचा सरकता दरवाजा बसला आणि अंगावर राखाडी रंग चढला. रंग वाळेपर्यंत मी अंगणात उभी होते, तेव्हा काय ते आभाळ पाहिलं. मग मला या इमारतीच्या पोटात, एका उभ्या काळोख्या खड्ड्यात दोरांना टांगलं. तेव्हापासून वर आणि खाली, एवढंच माझं जग. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, मागे भिंत. लोक चढतात, उतरतात, आपापल्या वाटेने जातात आणि मी आपली तिथल्या तिथे. कुणी म्हणेल, एव्हाना सवय झाली असेल. सवय कसली डोंबलाची. कोंडलेल्याला कोंडल्याची सवय होत नाही, तो फक्त बोलायचा थांबतो.

या इमारतीत एक शिक्षणसंस्था आहे. अपघातामुळे, आजारामुळे किंवा जन्मापासूनच ज्यांचे हातपाय, डोळे, कान इतरांसारखे चालत नाहीत, अशा माणसांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणारे समुपदेशक इथे तयार होतात. त्यांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, अगदी माझ्या दाराला लागून. शिकवायला एक बाई होत्या. त्या स्वतः चाकांच्या खुर्चीतून फिरत. माझ्यात खुर्ची वळवायला जागा नाही, म्हणून त्या उलट्या आत शिरत. वरचं बटण हाताला लागत नसे, ते फूटपट्टीने दाबत. "चला सखूबाई," असं मला म्हणत. इतर लोक माझ्याशी बोलतात ते मी उशीर केला तरच, आणि तेही शिव्यांनी.

बाईंचा वर्ग मी दाराच्या फटीतून ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बेकरीत काम करणाऱ्या एका बाईंना ऐकू येईनासं झालं. ओव्हनची घंटा कळत नाही, पाव करपतात. मालक म्हणतो, घरी बसा. तुम्ही काय कराल?"

एक उत्साही शिकाऊ उठला. "तिला पॅकिंगला बसवू. बिचारीला त्रास नको."

"ती तिथली सगळ्यात चांगली पाव भाजणारी आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला पिशव्या बांधायला लावताय. अहो, घंटेच्या जागी दिवा लावा ना."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "आधी विचारायचं, काम कुठे अडतं. मग तिथे बदल करायचा. माणसाला उचलून दुसरीकडे ठेवणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात."

किती तुकड्या हे शिकून गेल्या. बाईंची वाहवा झाली आणि थोडी माझीही, कारण पाहुणे आले की मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आमच्याकडे लिफ्टची सोय आहे हं." मी मग जरा कमी खडखड करायचे.

पुढे माझ्या दाराचा खटका झिजला. हा खटका नीट बसला की दार लागल्याचं मला कळतं आणि मी हलते. तो बसेना. एकदा तर बाईंना घेऊन मी दोन मजल्यांच्या मध्येच थांबले. त्या तिथे किती वेळ बसून होत्या, मला सांगवत नाही. भिंतीकडे बघत होत्या. त्या दिवशी आम्ही दोघी अडकलो होतो, आणि मला हात असते तर मी त्यांच्या पाठीवरून फिरवले असते.

शेवटी मला ओढून तळमजल्यावर उतरवलं, बाई सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी लागली. वाटलं, आता मिस्त्री येईल. मिस्त्री आलाच नाही, पाटी तेवढी जुनी होत गेली.

बाई खाली येऊन थांबल्या, तर शिकाऊ मंडळी धावत आली. चौघांनी खुर्ची उचलली आणि जिना चढू लागले. एकाने फोटोही काढला. पोरं मनाची चांगली होती हो, पण वर्गात काय शिकतो त्याचा पायरीवर विसर पडला. बाईंनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. रोज असंच. आणि रोज बघता बघता साहेबांना वाटू लागलं की बाई आता जड झाल्या.

"बाई, उगाच तुमचे हाल नकोत," ते एका सकाळी माझ्या दारासमोर म्हणाले. "तुमच्यासाठी इथे खालीच टेबल टाकतो. फोन घ्या, आल्यागेल्याची चौकशी करा. पगार तोच राहील. पुढच्या तुकडीपासून दुसरे सर येतील शिकवायला."

"आणि लिफ्ट?" बाईंनी विचारलं.

"बघू ना. जुनी आहे ती."

मला राग आला. खटका माझा झिजला आणि वर्ग बाईंचा गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच. आणि हे कुठे घडत होतं, तर जिथे जगाला याच्या उलट शिकवतात तिथे. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथे तर अंधाराखाली टेबल टाकलं होतं.

टेबल माझ्या दारासमोरच आलं. बाई तिकडून मला बघायच्या, मी इकडून त्यांना. फोन वाजला की त्या उचलायच्या. "हो, वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो. जिन्याने जा." दिवसभर हेच वाक्य. वरून वर्गातला आवाज यायचा, तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. माझ्या पोटात झाडू आणि त्यांच्या पोटात धडे, दोन्ही नुसते पडून. माझ्यासारख्या डब्याला हे सोसवत नव्हतं, तर त्यांचं काय होत असेल?

नव्या सरांची पहिली तुकडी संपत आली. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येक शिकाऊने नोकरी सुटलेलं एक माणूस शोधायचं, आणि त्याला पुन्हा कामावर कसं आणता येईल ते सांगायचं. त्या तुकडीत एक मावशी होत्या. मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेल्या, वर्गात सगळ्यात हळू लिहिणाऱ्या. कुणाचा पत्ता मिळतो का बघायला त्या बाईंच्या टेबलाशी आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय हो मावशी, माणूस मिळालं का?"

"मिळालं वाटतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, समोर बसल्या. "बाई, तुमचं काम कुठे अडतं?"

बाईंचा हात फोनवरच राहिला. हा प्रश्न त्यांनी शेकडो जणांना शिकवला होता. त्यांनी माझ्या दाराकडे बघितलं.

"मला कुणी विचारलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि कुणी विचारत नाही म्हटल्यावर मीसुद्धा सोडून दिलं."

मावशींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग दोघी हळू आवाजात बोलत बसल्या. त्या दिवशी फोन बऱ्याचदा वाजून वाजून थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सरांना सांगून अख्खी तुकडी खाली आली आणि जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली. बाई खालून शिकवू लागल्या. किती दिवसांनी त्यांचा शिकवतानाचा आवाज मी ऐकत होते. तेवढ्यात साहेब आले, हातात बॅग, कपाळावर आठ्या.

"हे काय चाललंय?"

"वर्ग, साहेब."

"वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो."

"वर्ग माझ्याबरोबर असतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला खाली आणलंत, तो खाली आला."

"अहो, पण मला वर जायचंय. मीटिंग आहे."

कुणी हललं नाही. मावशींनी चष्मा नीट केला आणि अगदी शिकवल्याबरहुकूम, नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमचं काम कुठे अडतंय?"

"कुठे म्हणजे? या जिन्यावर."

"मग मीटिंग दुसऱ्या कुणाला देऊ या का? तुम्हाला बसून करायचं एखादं हलकं काम बघता येईल."

"काहीतरीच काय? माझ्या मीटिंगला काय धाड भरलीय?"

"माझ्या वर्गालाही भरली नव्हती, साहेब," बाई म्हणाल्या. "मी तोंडाने शिकवते, पायांनी नाही."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, मग माझ्या पाटीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. सगळ्यात खालच्या पायरीवर जागा होती, तिथे ते बॅग मांडीवर घेऊन बसले. "मिस्त्रीला बोलवा रे कुणीतरी," ते म्हणाले.

मिस्त्री आला, झाडू निघाले, खटका बदलला. चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्याशा कामासाठी एका माणसाचं इतकं आयुष्य माझ्यासमोर वाया गेलं. बाई उलट्या आत शिरल्या. वर जाताना त्या माझ्या गार पत्र्याला नुसतं डोकं टेकून बसल्या. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, कचेरीत माझ्यासारखं काहीतरी असेल. एखादी उंच पायरी, जड दार, ऐकू न येणारी घंटा. ते मोडलं की त्याला दुरुस्त करा, ज्याचं त्यावाचून अडतं त्याला हलवू नका. मी यंत्र आहे, मी झिजणारच. पण माझ्या झिजण्याची शिक्षा दुसऱ्याला देऊ नका, एवढं माझं मागणं आहे.

आणि आणखी एक. गेल्या आठवड्यापासून माझा दोर चढताना करकरतोय. बाईंनी ते ऐकलं आणि साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू ना." मी जीव मुठीत धरून बाईंना रोज वर नेते आणि खाली आणते. मिस्त्रीचा नंबर माझ्या दाराशेजारी भिंतीवर लिहिलेला आहे. येता जाता सगळ्यांना दिसतो. तुमच्यापैकी कुणी तेवढा एक फोन कराल का?