वरचा थांबा

त्या रविवारीही टेकचंदच्या बागेत भांडण व्हायचंच होतं, आणि शिवराम खरात ते ऐकायला सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसले होते.

भांडण पाळण्यावरून होतं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथे टेकचंद शेठची बाग होती. बाग आपली म्हणायची एवढंच. झाडं मोजकी आणि यंत्रंच जास्त. फिरते घोडे, पोरांची छोटी आगगाडी, गरगरणाऱ्या कपबश्या, आणि मागच्या कोपऱ्यात, शेजारच्या इमारतींच्याही वर डोकं काढणारा आकाशपाळणा. हा मागचा कोपरा शेठ आता पार उपटून नवा करणार होता. एक्याण्णव साल उजाडलं होतं. गोराईला मोठं पार्क होऊन लोकांच्या तोंडी नवनवीन नावं आली होती, आणि शेठलाही त्यातलं काहीतरी आपल्याकडे हवं होतं.

बाकावरच्या तिघांना बागेतले लोक ‘पाळणा मंडळ’ म्हणत. शिवराम अंबरनाथच्या एका कारखान्यात मशिनवर, जयदेव रानडे पोस्टात, आणि शशिकांत टेलर तिथल्याच गल्लीत. पन्नाशी ओलांडलेली ही माणसं दर रविवारी पाळण्यात बसायची आणि खाली उतरून त्या फेऱ्याबद्दल बोलायची, जसं कुणी गवयाच्या मैफलीबद्दल बोलावं. आज फेरा जड होता. आज उतरताना झोका बरोबर बसला. आज पाळणा चालवणाऱ्या जनूने ब्रेक घाईत लावला.

शशिकांतचं म्हणणं, नवा पाळणा यावा. मोटारीचा, बंद डब्यांचा. गोराईला तो जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याला इथलं सगळं गंजलेलं दिसत होतं.

“बंद डब्यात बसायचं तर आपला पोस्टाचा लाल डबा काय वाईट आहे?” जयदेव म्हणाला. “टाकतो तुला. तिकीट लाव.”

शिवराम हसले. मग नेहमीसारखं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडं बोलले. बाकी काय बदलायचं ते बदला, पण पाळणा उघडा राहू द्या. वारा लागला नाही तर वर गेल्याचं कळणार कसं?

एवढ्यात वेणू आली. वेणू त्यांची मुलगी, बदलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न होऊन ती तिकडे राहायला गेली तरी तिचा रविवार चुकला नव्हता. तिला पाहून जयदेव सरकला आणि शशिकांतला म्हणाला, आता हिला विचार, खरी जाणकार आली. कारण मंडळाचा एकच नियम होता: वर गेल्यावर जो ओरडला तो कच्चा. जयदेव स्वतः कधीकधी ओरडायचा. शशिकांत तर रामनाम घ्यायचा. वेणू मात्र सहा वर्षांची असल्यापासून वर गेली की तोंडातून अवाक्षर काढत नसे. पोरीची छाती बघा, असं तेव्हा सगळे म्हणाले होते, आणि तेव्हापासून ते म्हणतच आले होते.

खरी गोष्ट अशी होती की भीतीने तिची दातखीळ बसायची.

पाळणा भरताना जनू एकेक खुर्ची खाली घेई, तशी आधी बसलेली माणसं वर लटकत राहत. याला मंडळ ‘वरचा थांबा’ म्हणे. शिवरामवर जनूचा जीव होता, म्हणून त्यांची खुर्ची वर आली की तो मुद्दाम जरा जास्त वेळ घेई. तेवढ्या वेळात खुर्ची हलायची, लोखंड कुरकुरायचं, आणि वेणू पुढच्या दांडीला धरलेली बोटं सोडू शकायची नाही. ती कुठे बघायची नाही. बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत बसायची.

आणि बाबा बोलायचे. दिवसभर मशिनच्या आवाजात ओरडून बोलावं लागे म्हणून की काय, घरी आले की हा माणूस मुका व्हायचा. जेवण झालं, पेपर वाचला, झोपले. पण वर गेल्यावर त्यांना कंठ फुटायचा. मलंगगड दाखवायचे, अंबरनाथच्या कारखान्यांच्या चिमण्या दाखवायचे, त्यापलीकडे वांगणीच्या बाजूला बोट करून आपला गाव तिकडे म्हणायचे. तिथेच एकदा, ती कॉलेजात असताना, त्यांनी सांगितलं होतं, की लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. तो हाताने ढकलावा लागे. ढकलायला त्यांच्या वस्तीतली पोरं चालायची, बसायला नाही. दिवस मावळेपर्यंत ढकलून हाताला फोड यायचे. “वरून कसं दिसतं ते आम्ही बसणाऱ्यांच्या तोंडावरून ओळखायचो,” ते म्हणाले होते, आणि पुढे, जणू त्याच गोष्टीचा शेवट असावा तसं, “तू ओरडत नाहीस. मला लई बरं वाटतं.”

त्यानंतर सांगण्याची सोयच उरली नाही.

त्या रविवारी दोघं वर गेली, खाली आली. “काय वेणूबाई, कसं काय?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “छान.” बाहेर त्यांनी तिच्या आईसाठी गरम दालपकवान बांधून घेतलं, पिशवी स्वतःकडे ठेवली आणि रस्ता ओलांडताना तिचा दंड धरला. ती एकोणतीस वर्षांची होती. तिने धरू दिला.

बुधवारी पहिल्या पाळीला निघताना ते बूट घालायला खाली बसले ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडळ आलं. पांढरे कपडे घातलेला जयदेव ओळखू येत नव्हता. वंदना झाली, कारखान्यातले दोघेतिघे बोलले, मग जयदेव उभा राहिला. शिवरामबद्दल बोलायचं तर तो पाळण्याबद्दलच बोलणार. त्याने सांगितलं की या माणसाला सगळ्यात मोठा अभिमान कसला होता तर आपल्या मुलीचा, जी वरच्या थांब्यावर कधी ओरडली नाही. नातेवाईक वळून तिच्याकडे बघू लागले. वेणूने मान खाली घातली. लोकांना ते रडू वाटलं.

पुस्तकांत तिने मरणावर खूप वाचलं होतं. आता ती पुस्तकं तिच्या टेबलावरून येत-जात, ती शिक्के मारी आणि जागेवर लावी. त्यातलं एकही तिने उघडलं नाही. तिला जे टोचत होतं ते फार क्षुल्लक होतं. कुणाला सांगावं इतकंही नाही. बाबा आता लोकांच्या बोलण्यातच उरले होते, आणि त्या बोलण्यात त्यांच्या शेजारी बसलेली ती मुलगी वेणू नव्हतीच.

पावसाळाभर बाग बंद होती. भोवती पत्रे ठोकले होते. शशिकांत दुकान उघडण्याआधी फटीतून डोकावून येई आणि जयदेवला बातमी देई: कपबश्या गेल्या, आगगाडीचे रूळ उखडले, एक आठ पायांचा काळा सांगाडा आला, त्याला ऑक्टोपस म्हणतात. दोघं त्यावर तावातावाने बोलत आणि मधेच थांबत, कारण शेवटी बोलणारा आता नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास शेठनेच दोघांना बोलावलं. नव्या यंत्रांना जागा जाऊन एका जुन्या यंत्रापुरती जागा उरत होती. “घोडे रखूं के झूला, तुम लोग बताओ,” तो म्हणाला. “शिवराम साईं इतकी वर्षं आला. त्याच्या आठवणीसाठी एक ठेवतो. दुसरं भंगारात.” शशिकांतने घोड्यांची बाजू घेतली, लहान पोरांना दुसरं काय राहिलंय? जयदेवने पाळण्याची. चहा थंड झाला आणि निकाल लागेना, तेव्हा दोघांचंही एकमत एकाच गोष्टीवर झालं. वेणूला विचारायचं. ती सांगेल ते. आणि पाळणाच राहिला, तर दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेऱ्याला शिवरामच्या जागी तीच बसेल, दर रविवारी बसेल.

निरोप आला तेव्हा वेणू अंबरनाथला आईकडे होती. द्रौपदीबाई दारात मेथी निवडत होत्या. जयदेवकाकांचं सगळं बोलणं वेणूने त्यांना सांगितलं आणि मग म्हणाली, “मी त्यांना खरं सांगणार आहे.”

काय खरं, असं आईने विचारलं नाही. एक जुडी संपवून दुसरी घेतली.

“रविवारी घरी आलीस की तू जेवायची नाहीस,” ती म्हणाली. “पाणीसुद्धा पचायचं नाही. मला कळत नव्हतं होय?”

“मग बाबांना का नाही बोललीस?”

“कशाला बोलू? आठवडाभर तोंड शिवलेला माणूस. तुला घेऊन गेला की येताना जिना चढताना गुणगुणायचा.” तिने देठं बाजूला केली. “आता पण बोलू नकोस. गेलेल्या माणसाचा आनंद मागनं कमी करू नये, वेणू. त्यांना तो फार कष्टानं मिळालेला.”

आईचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. जत्रेतल्या त्या पाळण्याची गोष्ट आईलाही माहीत होती, हे तिला आत्ताच कळत होतं. ती बराच वेळ मेथी निवडत बसली आणि पानांबरोबर देठंही टाकत गेली, तेव्हा आईने तिच्या हातातली जुडी काढून घेतली.

पुढच्या रविवारी ती बागेत गेली. मागचा कोपरा ओळखू येत नव्हता. फरशी नवी, दिव्यांच्या माळा, रंगाचा वास, आणि ऑक्टोपसचे पाय अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. मधे तो पाळणा, अर्धा खरवडलेला, अर्धा जुन्या निळ्या रंगात. शशिकांत घोड्यांच्या बाजूला उभा होता, म्हणजे आपली बाजू कळावी. शेठ खुर्ची मांडून बसला होता.

“आधी फेरा घे,” जयदेव म्हणाला. “बसल्याशिवाय पाळण्यावर कुणी मत देऊ नये. तुझे बाबाच म्हणायचे.”

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण जनूने खुर्ची पुसून ठेवली होती, दांडी वर करून तो उभा होता, आणि तिला एकटीला आलेली बघून त्याचा चेहरा इतका उतरला की ती जाऊन बसली. जयदेवकाका शेजारी बसले. बाबा बसायचे त्या जागेवर बसायला ते कचरले, मग बसले.

पाळणा हलला. जमीन सुटताच तिने दांडी दोन्ही हातांनी धरली, सहा वर्षांची असताना धरायची तशी. तिला वाटलं होतं, निदान आता, एवढं सगळं होऊन गेल्यावर, असल्या भीतीला आपल्यात जागा उरली नसेल. पण भीतीला त्याचं काही नव्हतं. ती आपली जागा धरून होती.

वर येऊन खुर्ची थांबली. जनूने सवयीने जरा जास्त वेळ घेतला असणार; खाली भरायला दुसरं माणूसच नव्हतं. वारा सुटला होता. लोखंड कुरकुरलं. तिने बघायला खिसा शोधला. शेजारी जयदेवकाकांचा रेघांचा सदरा होता, त्याला खिसा होता, पण तिथे बघवेना. म्हणून तिने समोर पाहिलं. मलंगगड इतका जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. चिमण्यांमागे वांगणीकडचे डोंगर धुरकट होते. इतक्या वर्षांत ही जागा तिने फक्त ऐकली होती.

जयदेवकाकांनी नाक ओढलं आणि म्हणाले, “बघ. आजही हूं की चूं नाही. शिवराम असता तर...” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. “मी काय सांगू शेठला?”

दारात मेथी निवडत बसलेली आई तिला आठवली. मागनं कमी करू नये. पण समजा कमी होत नसलं तर? शूर मुलीला शेजारी घेऊन बसणं एक. आणि भीतीने गोठलेली मुलगी तरी दर रविवारी आपण होऊन येऊन शेजारी बसते, हे दुसरं. बाबांना यातलं कुठलं जास्त आवडलं असतं, हे तिला ठरवता येईना. विचारायला ते नव्हते. सांगायला मात्र त्यांचा मित्र होता, त्यांच्याच जागेवर, आणि खाली उतरल्यावर तिला हे जमणार नव्हतं.

दांडीवरची बोटं तशीच आवळलेली ठेवून ती बोलली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“पाळणा ठेवायला सांगा, काका. बाबांना आवडायचा. मला कधीच आवडला नाही.”

चेष्टा आहे असं वाटून जयदेवकाका हसू लागले, आणि तिचे हात बघून थांबले.

“मी ओरडायची नाही कारण मला ओरडता यायचं नाही. इतकी भीती वाटायची. आत्तासुद्धा वाटते. बाबा बोलत असायचे म्हणून मी बसून राहायची. ते खाली कधी बोलायचे नाहीत ना, काका. मी पाळण्यासाठी नाही यायची. मी त्यांचं बोलणं ऐकायला यायची.”