टेम्पो सांगण्याआधी

"ठेवा ना हात, मावशी." लखन मान खाली घालून गुडघ्यांवर बसला होता. मनकर्णाबाईंनी मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले.

मेडशीतल्या लखनच्या राहत्या खोलीत रविवारची ख्रिस्ती उपासना आत्ताच संपली होती. मंडळीतून कुणी प्रभूच्या सेवेसाठी दुसऱ्या गावी निघालं, की सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, हा इथला रिवाज. लखन इथला पाळक, उपासना चालवणारा. नवी मंडळी उभी करायला तो उद्या बायको-बाळासह अनसिंगला निघाला होता.

"देवाले विचारलं का, बाबू?"

"खोली पाहून झाली, मावशी. टेम्पो सांगतला. आता तुमचा हातच तेवढा राह्यला."

"म्हंजे सांगून राह्यला, विचारून नाही. मंग मी कायले हात ठेवू? देवाले का सामानासंगं मागं बसवतं?"

दोघीतिघी पदराआड हसल्या. भिंतीला टेकून बाळाला पाजणारी त्याची बायको वैजयंती हसली नाही. तिच्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं, आणि त्या सुटकेचीच तिला भीती वाटली.

बाप्तिस्मा घेतल्यापासून तिला माहेर उरलं नव्हतं. बाळंतपणात तेल लावायला, शेकायला मनकर्णाबाईच आल्या होत्या. बाळाचं अंग जरा कोमट लागलं तरी ती त्यांच्याकडेच धावायची. अनसिंगला लखन घरोघर फिरेल. ती मात्र अनोळखी खोलीत बाळाचा श्वास ऐकत बसेल. हे ती त्याला बोलली नव्हती. देवाच्या कामात बायकोने आपलं रडगाणं कसं गावं? आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

मंडळी पांगली. लखन बराच वेळ दारात उभा राहिला, मग त्याने फोन लावला.

"लखीरामभाऊ, टेम्पो नका आणू उद्या... नाही, दुसरा नाही केला... कधी ते सांगतो. मलेच माहीत नाही अजून."

तो आत येऊन बांधलेल्या पोत्यांशेजारी बसला. "वैजू, तू करत होती का प्रार्थना, या जाण्यासाठी?"

"रोज करते."

"काय म्हणत होती?"

तिने बाळाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं. "जाणं होऊ नये म्हणून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मंग तूही देवाले सांगतच होती."

टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. रागवायलाही जागा उरली नाही.

त्याने सतरंजी अंथरली. दोघं गुडघ्यांवर बसली. एरवी सभेत लखनचे शब्द थांबत नसत. आज तो "प्रभू" म्हणाला आणि गप्प झाला. तिला ‘जाऊ दे’ म्हणवत नव्हतं, आणि ‘राहू दे’ म्हणायची आता लाज वाटत होती. तिच्याच शेजारी गुडघे टेकलेला नवरा फार लांब असल्यासारखा वाटला. बाळ रडू लागलं, तशी ती उठली.

स्वयंपाकाची वेळ झाली होती. तवा पोत्यात गेला होता. तिने सुतळी सोडून भांड्यांतून तवा तेवढा बाहेर काढला. बाकीची भांडी मांडणीवर परत लावावीत का, असा विचार करत ती क्षणभर थांबली.

मग तिने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ मात्र सैल ठेवली.