सोडलेलं दूध

सुवर्णा सकाळी उठायची तीच दमलेली. गजर पाचचा. तोवर नवरा धनराज झेंडूचे क्रेट टेम्पोत भरून फुलबाजाराकडे निघून गेलेला असायचा. मखमलाबादच्या त्या मळ्यातल्या घरात मग तिघी उरत, ती, नऊ वर्षांची लेक वेदिका आणि सासूबाई चतुराबाई. सव्वासहाला चौकात सिन्नरच्या कंपनीची बस यायची आणि ती कुणासाठी थांबायची नाही. पावणेसातला वेदिकाची व्हॅन. तिला व्हॅनमध्ये बसवून द्यायचं काम आजीचं.

पूर्वी निदान नाश्त्याचा घोर नव्हता. कपभर दूध, दोन बिस्किटं, की झालं. दिवाळीनंतर मात्र वेदिकाचं पोट दुखायला लागलं. शाळेतून फोन यायचे, पोरगी बाकावर पोट धरून वाकलेली असायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हिला दूध पचत नाही. बंदच करा. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?"

"छे हो," धनराज हसला होता. "आमच्याकडे नऊ म्हशी होत्या. दुधावरच वाढलेली माणसं आम्ही. आईनं तेवढं सोडलंय, पण ते माझ्यासाठी."

ती गोष्ट सगळ्या भावकीला पाठ होती. चतुराबाईंची पहिली दोन मुलं गेली, तिसरा धनराज जगला, म्हणून त्यांनी रामकुंडावर गंगेला दूध सोडलं, जन्मभर न पिण्याचं. चाळीस वर्षं झाली, त्या चहासुद्धा कोराच घेत. धनराज हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज हळवा व्हायचा.

पोरीच्या दुधाचं ऐकून मात्र चतुराबाईंचं तोंड उतरलं. "गावात कुठं बोलू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

मग सुवर्णाचे प्रयोग सुरू झाले. सोयाबीनचं दूध आणलं, वेदिकानं पहिला घोट बेसिनमध्ये थुंकला. नारळाचं करून पाहिलं, पण खवण्यातच अर्धा तास जायचा. शेवटी बसमध्ये शेजारी बसणाऱ्या प्रतिभानं सांगितलं ते जमलं. मूठभर शेंगदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी टाकून मिक्सरमध्ये गंधासारखे वाटायचे, त्यातच एक पिकलेलं केळं, बिया काढलेले तीन-चार खजूर, चिमूटभर वेलची. तीन मिनिटांत दाट, गोड शेक तयार. एक पेला वेदिकाला, उरलेला बाटलीत भरून सुवर्णाला बसमध्ये प्यायला.

"पाण्यात केळं कालवायचं आन त्याला नाश्ता म्हनायचं," चतुराबाई ओट्यापाशी पुटपुटत. सुवर्णा बाटलीचं झाकण घट्ट करायची. बोलायला जीव लागतो, आणि तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा असायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी तिनं मिक्सरचं बटण दाबलं आणि तेवढ्यात लाइट गेली. सहाला पाच कमी होते. आदल्या दिवशी पॅकिंगवरच्या दोघी आल्या नव्हत्या. तिघींचं काम एकटीनं उभ्यानं ओढलं होतं. पोटऱ्या अजून ठणकत होत्या. दोन मिनिटं ती तशीच बटणावर बोट ठेवून उभी राहिली. मग गॅसच्या टाकीला टेकून खाली बसली. रडूही येईना. नुसतं उठवेना.

"मम्मी, तुझी बस जाईल ना," वेदिका दारात एका पायात मोजा घालून उभी होती.

"जाऊ दे."

"मग मी काय पिऊ?"

सुवर्णानं डोळे मिटले.

भांड्यांचा आवाज आला म्हणून तिनं पाहिलं. चतुराबाईंनी लोखंडी खलबत्ता ओढून घेतला होता. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात त्या भिजलेले शेंगदाणे कुटत होत्या. मग खजूर. मग पातेल्यात केळं हातानं कुस्करलं, वरून पाणी ओतलं आणि फळीवरची रवी काढून दोन्ही तळव्यांत फिरवत घुसळायला लागल्या. म्हशी गेल्यापासून रवी कुणी हातात घेतली नव्हती.

पेला भरून त्यांनी नातीपुढे धरला. वेदिकानं मान फिरवली. "मला नको. सगळ्या मुली दूध पितात. मलाच का हे?"

"तुलाच नाय," चतुराबाई म्हणाल्या. "मलाबी."

"तुला काय?"

"मलाबी दूध पचत नाय. कधीच पचलं नाय."

सुवर्णा सावरून बसली. "आई, तुम्ही तर सोडलंय ना? गंगेला?"

चतुराबाईंनी रवी पातेल्याच्या काठावर झटकली. "लग्न होऊन आले तर घरात नऊ म्हशी. सासूबाई रोज सकाळी पितळी पेलाभर निरसं दूध समोर उभं राहून पाजायच्या. नाय म्हनायची सोय नव्हती. मी गोठ्यामागं जाऊन ओकायचे. दिवसभर पोटात कळा, आन त्यातच वैरणीचे भारे. दूधवाल्याच्या घरात दूध सोसत नाय म्हटल्यावर माहेरी धाडली असती. धनराज झाला तवा मग सुचलं. देवाला सोडलं म्हटल्यावर कोन पाजनार?" त्यांनी नातीकडे पाहिलं. "पोरीचं ऐकलं आन काळजात चर्र झालं. माझंच आलं ना हे तिच्यात."

वेदिकानं पेला घेतला. "आजी, तू पण ओकायचीस?"

"लय."

पोरगी हसली आणि प्यायली. शेंगदाण्याचे कण दातांखाली येत होते, पण तिनं तक्रार केली नाही. उरलेला शेक चतुराबाईंनी वाटीत ओतून घेतला, घोट घोट घेतला आणि "ग्वाड हाय," म्हणाल्या.

बस गेली ती गेलीच. सुवर्णानं सुपरवायझरला फोन करून बोलणी ऐकून घेतली. नऊच्या सुमाराला धनराज आला. त्याला पाणी देताना चतुराबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

त्यानं तांब्या खाली ठेवला. "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते?"

"नव्हतं."

"मी सगळीकडं सांगत फिरलो, आई."

"तू सांगायचास, मला बरं वाटायचं," चतुराबाई म्हणाल्या. "दुखतं म्हनून सांगितलं असतं तर कुनी असं कौतुकानं सांगितलं असतं व्हय?"

धनराजनं खिशातून मोबाइल काढला. म्हणाला, "डॉक्टरला फोन करून सांगतो. त्यांनी विचारलं होतं." आवाज दुखावलेलाच होता, पण फोन त्यानं केला.

सुवर्णा आतल्या खोलीत सतरंजीवर आडवी झाली होती. धुणं भिजत होतं, तिला उठायचं होतं. बाहेरून चतुराबाई विचारत होत्या, शेंगदाणे किती वाजता भिजत घालायचे, सालं काढायची की ठेवायची. तिनं "रात्री, सालासकट" असं सांगायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडण्याआधीच तिला झोप लागली.