एकट्यासाठी उघडलेलं मशीन

ग्रंथालयात त्याला सगळे मशीनमास्तर म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच पाडून घेतलं होतं. चार-पाच बैठकांत त्यानं स्वतःचा उल्लेख तसा केला, मग लोकांचाही नाइलाज झाला. पुस्तकांची देवघेव, वाचकांची खाती, दारांची कुलुपं, सगळं तळघरातल्या एका सर्व्हरवर चालायचं आणि तो सर्व्हर मास्तरवर चालतो, अशी निदान मास्तरची समजूत होती.

त्या सर्व्हरची डिस्क काही दिवसांपासून कुरकुरत होती. ती तपासायची तर आधी मशीन रिकामं करायला हवं. माणसं बसलेली असताना सतरंजी झटकता येत नाही. मास्तरनं त्यासाठी सुट्टीची दुपार निवडली.

"तिथे जाऊनच कर की," बायको म्हणाली. "चालत गेलास तरी कितीसं लांब आहे?"

"अगं, घरबसल्या होतं ते. आता कोण उठून जातं?"

खरं कारण वेगळं होतं. धाकटा मेव्हणा जेवायला आला होता. तो फ्रीज दुरुस्त करायचा, आणि आपल्या भावोजींचं काम नेमकं काय असतं हे त्याला कधी कळलं नव्हतं. मास्तरला इतका चांगला श्रोता पुन्हा मिळणार नव्हता.

"हे बघ," लॅपटॉप उघडत मास्तर म्हणाला, "आत्ता आत पन्नास कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, चालू आहेत. मी हुकूम दिला की मशीन आधी प्रत्येकाला अदबीनं सांगणार, बाबा रे, आवरतं घे. शहाणे असतात ते हातातलं काम जपून ठेवतात आणि निघतात. जे ऐकत नाहीत त्यांची थोडा वेळ वाट बघायची, मग सरळ मानगूट धरायची. शेवटी आत उरतो एकच माणूस. मालक."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी," मास्तर म्हणाला, आणि आवाजात नम्रता आणायचा त्यानं प्रयत्नही केला.

सगळ्यांच्या पडद्यावर सूचना धाडून त्यानं हुकूम सोडला. ओळी भराभरा वर सरकल्या आणि मग थांबल्या. मास्तरनं एक बटण दाबलं. मग दुसरं. मग सगळी.

"काय झालं, भावोजी?"

मास्तरला काय झालं ते कळलं होतं, आणि तेच वाईट होतं. घरून त्या मशीनपर्यंत जी वाट जात होती, तोही आतला एक कार्यक्रमच होता. मशीननं त्यालाही अदबीनं आवरतं घ्यायला सांगितलं होतं, आणि तो बिचारा शहाण्यासारखा निघून गेला होता. आता मशीन मालकाची वाट बघत तळघरात बसलं होतं, आणि मालक लुंगीवर घरात.

"जरा जाऊन यावं लागेल," तो म्हणाला. बायकोनं त्याची पँट आणून दिली. मेव्हणाही निघाला. नको म्हणायला मास्तरला कारण सापडेना.

ग्रंथालयाचं मोठं दार वॉचमननं किल्लीनं उघडून दिलं. तळघराच्या दारावर मास्तरनं कार्ड टेकवलं. दिवा लागला नाही. पुसून टेकवलं, उलटं टेकवलं.

"हे कुलूप कशावर चालतं?" मेव्हण्यानं विचारलं.

मास्तर कार्ड पुन्हा पुसू लागला. ते कुलूप त्यानंच मोठ्या हौसेनं त्या सर्व्हरला जोडलं होतं.

एवढ्यात आतून आवाज आला. "कोण आहे? मास्तर का?"

ग्रंथपालबाई होत्या. तळघरात गारवा असतो म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी तिथे बसून वार्षिक अहवाल लिहीत.

"बाई, तुम्ही आत? मी सूचना पाठवली होती."

"तुमच्या सूचना दिवसाला दहा येतात हो. वाचायचं मी सोडून दिलंय. पडदा काळा झाला म्हणून उठले, तर दार उघडेना. आतलं बटणही मेलंय."

आतलं बटणही त्यानंच जोडलं होतं, कोण कधी बाहेर पडलं याची नोंद राहावी म्हणून. आग लागली असती तर, हा विचार मास्तरला आला आणि त्यानं दाराला तोंड लावून हाक मारली.

"बाई, घाबरू नका. सर्व्हरच्या कपाटाशेजारच्या पडद्यावर काय दिसतंय?"

"मी कुठे घाबरलेय? परवलीचा शब्द मागतंय."

मास्तरनं एकदा मागे वळून बघितलं. हा शब्द त्यानं आजवर कुणालाच सांगितला नव्हता, आणि त्याचं कारण निव्वळ सुरक्षा हे नव्हतं. पाठीमागे मेव्हणा उभा होता. त्याच्यामागे आता वॉचमनही येऊन उभा राहिला होता.

"लिहून घ्या. एम, आय, सी, एच."

"हं."

"एस, एच, ए. पुन्हा एच, ए. एन, ए."

आत कळफलक वाजला आणि थांबला. "मीच शहाणा," बाईंनी सावकाश वाचलं. "घेतलं हो यानं."

वॉचमन छताकडे बघू लागला. मेव्हण्यानं फार माया करून मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला, त्यापेक्षा तो हसला असता तर बरं झालं असतं.

"आता फक्त एक्झिट टाइप करा. म्हणजे सगळे कार्यक्रम परत उठतील, कुलूपही उठेल."

"आणि तुमची ती डिस्क? त्यासाठीच हा खटाटोप होता ना? मी बसलेच आहे, तर तपासून घेऊ. सांगा काय लिहायचं."

मास्तरनं दाराबाहेरून एकेक अक्षर सांगितलं आणि बाईंनी आतून डिस्क तपासली. मशीनमध्ये खरोखर एकच माणूस होता आणि तो मास्तर नव्हता. काम छान झालं. चुका सापडल्या, दुरुस्त झाल्या. मग बाईंनी मशीन पूर्ववत सुरू केलं, आणि थोड्या वेळानं दाराचा खटका सुटला.

बाहेर यायच्या आधी त्यांनी अहवाल उघडून बघितला. जाता जाता लिहायच्या कार्यक्रमानं प्रत जपून ठेवली होती; गेली होती फक्त शेवटची ओळ.

"माफ करा, बाई," मास्तर म्हणाला. या वेळी नम्रता आणावी लागली नाही.

"ओळ तशी बरी नव्हतीच," बाई म्हणाल्या. "पण या दाराचं काहीतरी करा."

दुसऱ्याच दिवशी मास्तरनं ते कुलूप काढायला लावलं आणि सुताराला बोलावून साधी लोखंडी कडी बसवायला सांगितली. सुतारानं भोकं पाडण्याआधी विचारलं, "आतून बसवू की बाहेरून?"

"आतून," मास्तर म्हणाला. "बाहेर उभं राहायची मला सवय झालीय."