मिल्टनवर रचलेलं गाणं

शनिवारी संध्याकाळी फुटबॉल क्लबाच्या खानावळीच्या दारात पाटी लागते. काळी पाटी, पांढरा खडू, अकरा नावं. उद्या कोण खेळणार हे सगळ्या बारांका वस्तीला तिथेच कळतं. पाव आणायला निघालेल्या बायका पाटीवरून वळसा घेऊन जातात, कोळी जाळं खांद्यावर तसंच ठेवून पाटीपुढे थांबतात, आणि ज्याला जे वाटेल ते तो मोठ्यानं बोलतो. आत खिडकीशी बसलेल्या मास्तरला ऐकू जावं म्हणूनच बोलतो. प्रशिक्षकाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. पाटी लिहिणाऱ्यानं शिव्या गिळायच्या आणि रविवारी जिंकून दाखवायचं, अशी रीत.

त्या वर्षी मिल्टन ओलास्कोआगानं नऊ आठवडे नुसतं गिळलं.

मिल्टन माझा जिवाचा मित्र, माझ्या पोरीचा धर्मपिता. सत्त्याऐंशी साली आम्ही जिल्ह्याचा चषक आणला तेव्हा तो डावीकडून धावायचा आणि मी उजवीकडून. मग माझा गुडघा गेला आणि मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. त्याचे गुडघे शाबूत राहिले, तो मैदानात राहिला. आता तो मास्तर होता, आणि संघ गुणतक्त्याच्या तळाला होता. तळाचा संघ दुसऱ्या वर्गात जातो. मांसाचा कारखाना बंद पडल्यापासून पहिल्या वर्गातलं म्हणावं असं वस्तीकडे हा संघ सोडून काही उरलं नव्हतं. म्हणून जीव टांगणीला. सगळ्यांचाच.

संघाचं दुखणं मला पाठ होतं. गोलरक्षकाचे हात लांब, पण उंच चेंडूला पुढे यायला तो नव्या नवरीसारखा लाजायचा. मधल्या फळीत दोघं जुळे भाऊ. दोघांनाही चेंडू पायात हवा, मोकळ्या जागेत धावायला एकही तयार नाही. आघाडीचा नऊ नंबर नांगरासारखा, उकरायचा फार, उगवायचं काही नाही. हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण बचावाच्या मधोमध दोन नंबरचा विल्मार सिल्वेइरा! छत्तीस वर्षांचा. बेकरीत पीठ मळून मळून खांदे रुंद झालेले आणि पाय जड. आणि त्याच्या जागेवर खेळेल असा माइकोल, एकोणीस वर्षांचा, हरणाच्या पायांचा, बाकावर बसून नखं खातोय.

"पुन्हा विल्मार!" त्या शनिवारी मी पाटीपुढे ओरडलो. "अरे, त्याला वळ म्हटलं तर रविवारचा सोमवार होतो!"

"मास्तरला पाव फुकट मिळत असेल," जाड्या म्हणाला. जाड्या आमचा ढोलवाला. पायऱ्यांवरचा मोठा ढोल तो आणि गाणी माझी, असं तीस वर्षं चाललेलं.

मिल्टन बाहेर आला. थर्मास काखेत, माते नावाच्या आमच्या कडू चहाचा भोपळा हातात. गरम पाणी ओतून त्यानं भोपळा माझ्यापुढे धरला. मी नळी तोंडात घेतली, कडू घोट घेतला.

"बोल, वाल्दे."

"माइकोलला घे. बाकी काही म्हणत नाही."

"पोरगा चांगला आहे."

"मग?"

"मला विल्मार लागतो."

"कशाला लागतो? कपाट हवंय का तुला मैदानात? नऊ सामने राहिलेत, मिल्टन!"

"तू वरून बघतोस," तो म्हणाला.

"वरूनच सगळं दिसतं."

त्यानं रिकामा भोपळा परत घेतला, पुन्हा पाणी ओतलं आणि जाड्याला दिलं. एवढंच. हट्टी माणूस. लहानपणी नदीत पैज लागली की ओठ निळे पडेपर्यंत पाण्याखाली राहायचा, पण वर यायचा नाही.

रविवारी आम्ही गोदीवाल्यांकडून दोन शून्यनं हरलो. दोन्ही गोल विल्मारच्या बाजूनं. दुसऱ्या गोलाला तो वळेपर्यंत चेंडू जाळ्यात जाऊन शांतसुद्धा झाला होता.

घरी जाताना गाणं आपोआप आलं. मी कार्निव्हलच्या टोळीत गाणी लिहीत मोठा झालो. माझ्या आईला कपडे पिळताना ओळी सुचायच्या, मला चालताना सुचतात. राग पायात उतरतो, पाय ताल धरतात, तालावर शब्द येऊन बसतात, तारेवर पाखरं बसावीत तसे. दार येईपर्यंत चार ओळी तयार होत्या.

*लाकडाचे पाय, लाकडाचा खांब,*
*मास्तर म्हणतो पालवी फुटेल, थांब!*
*थांबता थांबता डोकी पिकली,*
*मास्तरा, अक्कल कुणाला विकली?*

जाड्याला म्हणून दाखवलं तेव्हा तो हसून हसून खाली बसला. "वाल्दे, हे तर ढोल स्वतःच वाजवेल रे!"

मी गंमत म्हणून केलं, असं खोटं सांगणार नाही. मिल्टनला ते लागावं, त्यानं पाटीवरचं एक नाव पुसावं, म्हणून केलं. गाणं म्हणजे आमचा अर्ज. दुसरा अर्ज आम्हाला लिहिता येत नाही.

पुढच्या रविवारी सातव्या मिनिटाला जाड्यानं ढोल धरला आणि पायऱ्यांनी गाणं उचललं. आमच्या पायऱ्या नदीला पाठ करून आहेत. पाठीमागून वारा येतो आणि तोंडातलं सगळं मैदानात नेतो. विल्मारनं एकदा वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, कुणी ओळखीचं हाक मारतंय का बघावं तसं. मिल्टननं मान वळवली नाही. सामना बरोबरीत सुटला. पण लोक गाणं घेऊन घरी गेले.

मग ते गाणं माझं राहिलं नाही. कोळी ते जाळं ओढताना म्हणू लागले. शाळेतल्या पोरी त्याच्यावर दोरीच्या उड्या मारू लागल्या. गावच्या रेडिओवाल्यानं सामन्याच्या बातमीआधी ते वाजवलं. बेकरीत लोक पाव मागायचे आणि आत पीठ मळणाऱ्या विल्मारकडे बघून नुसतं "थांब!" म्हणायचे. विल्मार पाव बांधून द्यायचा. मिल्टनची बायको एल्विरा वाण्याकडे शिरली की दुकान एकदम गप्प व्हायचं, आणि ती बाहेर पडली की मागे कुणीतरी हळूच चाल शिट्टीवर धरायचं.

तीन आठवडे. तीन पाट्या. तिन्हींवर विल्मारचं नाव होतंच, उलट खडू जरा जास्तच दाबून लिहिलेलं. चौथ्या आठवड्यात मंगळवारी मिल्टननं बुटांच्या खोलीची किल्ली खानावळीच्या टेबलावर ठेवली आणि सायकलवर बसून घरी गेला. मला सांगायला आला नाही. मीही विचारायला गेलो नाही. म्हटलं, हार सोसत नाही त्याला, होईल चार दिवसांत ठीक.

नवा मास्तर जिल्ह्याच्या गावाहून आला. तरुण, गळ्यात शिट्टी, हातात वही. त्यानं शनिवारी पाटी लिहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. अकराच्या अकरा नावं माझ्या मनातली! जुळ्यांतला एक बाहेर, नऊ नंबर बदललेला, आणि बचावात मधोमध माइकोल. मी पाटीपुढे उभा राहून तीनदा वाचली. जाड्यानं पाठीवर थाप मारली. "तुझीच पाटी, मास्तर!" मला मास्तर म्हणाला. तेव्हा गोड वाटलं.

पहिला सामना एक एक. दुसऱ्यात चार गोल खाल्ले, तिसऱ्यात तीन. माइकोल धावत होता, हरणासारखाच धावत होता, पण प्रत्येक वेळी चेंडू जिथून नुकताच गेला तिथे पोचत होता. पायऱ्यांवर आम्ही कारणं शोधत होतो. मैदान ओलं. पंच विकलेला. नव्या मास्तरची वही जाड.

शेवटून दुसरा सामना स्टेशनवाल्यांच्या मैदानावर होता. हरलो की संपलो. तिथे पाहुण्यांना पायऱ्या नाहीत; गोलाच्या मागे तारेचं कुंपण आहे, त्याला धरून उभं राहायचं. तीस वर्षांत मी खेळ इतक्या खालून, इतक्या जवळून पाहिला नव्हता. गवताचा वास येत होता. बुटांचा आवाज येत होता. आणि दुसऱ्या टोकाकडून एक सारखा चाललेला बोल येत होता. त्यांचा एक टकला बचावपटू, वय चाळीस असेल, पायानं फारसं काही करत नव्हता. नुसता बोलत होता. "डावीकडे... अजून... सोड त्याला... माझा... वर या, आता वर या सगळे." पोरं धान्याच्या कणसांसारखी एकदम त्या बाजूला झुकायची, एकदम वर यायची.

आमचे चौघे माझ्यासमोर, दहा पावलांवर, गप्प. पावसात बसची वाट बघणाऱ्या चार अनोळखी माणसांसारखे. चेंडू आला की माइकोल मागे वळून बघायचा. गोलरक्षकाकडे नाही, कुणाकडेच नाही. जिथून आवाज यायला हवा त्या जागेकडे बघायचा.

माझ्या शेजारी कुंपणाला कुणीतरी पुटपुटत होतं. मी वळलो. विल्मार होता. बेकरीतून तसाच आलेला, बुटांवर पीठ. त्याला मी दिसलो नसेन, किंवा दिसूनही त्यानं दाखवलं नसेल.

"वर या," तो तारेत बोटं अडकवून म्हणत होता, अगदी हळू. "आता वर या रे... माइकोल, तुझ्या डाव्या अंगाला... सोड, सोड त्याला... अरे देवा."

गोल झाला.

"ओरड की!" मी त्याला म्हणालो. माझा आवाज फाटला. "ओरडून सांग ना त्यांना!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"कुंपणाबाहेरून नाही ओरडता येत, वाल्देमारदादा," तो म्हणाला. "आत मास्तर आहे त्यांचा."

तीन शून्य. बारांका दुसऱ्या वर्गात गेली. परतीच्या बसमध्ये कुणी ढोल काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिल्टनकडे गेलो. तो अंगणात सायकल उलटी करून चाकाच्या तारा आवळत होता. तो त्याचा धंदाच. एल्विरानं मला दारातून पाहिलं आणि आत गेली. पडदा ओढल्याचा आवाज आला.

"विल्मार बोलायचा," मी म्हणालो. कसं सुरू करावं कळेना.

"हो."

"पोरांना तो चालवायचा. पायानं नाही, तोंडानं."

"हो." त्यानं चाक फिरवलं, डोळा बारीक करून बघितलं.

"मग तू सांगितलं का नाहीस मला? त्या दिवशी पाटीपुढे एक शब्द सांगितला असतास..."

"आणि सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं असतं, की आमच्या बचावाला एकच तोंड आहे." त्यानं पाना खाली ठेवला. "त्याला अडकवून ठेवायला एक माणूस लावला असता त्यांनी. पाटीपुढे काय बोलायचं आणि काय नाही, हे तुला मी शिकवायचं का, वाल्दे? तू खेळलायस."

मी खेळलो होतो. खरंच खेळलो होतो.

"पुढच्या वर्षी परत ये," मी म्हणालो. "समितीशी मी बोलतो. विल्मारलाही आणू. मी दुसरं गाणं करतो, मिल्टन. असं करतो की..."

"नको."

"ऐक तरी."

"चाल फार चांगली आहे रे त्याची," तो म्हणाला. आणि हसला, जुन्या सवयीनं, माझं काही चांगलं जमलं की हसायचा तसं. "काम करताना माझ्याच तोंडात येते. परवा मी गुणगुणत होतो आणि एल्विरा चुलीपुढे रडायला लागली. तेव्हा कळलं मला, मी काय गुणगुणतोय ते."

थर्मास त्याच्या पायाशी होता. त्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग पाना उचलून पुन्हा चाकाला लागला. मी निघालो तेव्हा "सांभाळून जा, पायरी तुटलीय," एवढं म्हणाला.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, नुसता नावाला. मी पायऱ्यांवर चढलो नाही. गोलाच्या मागे, चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन उभा राहिलो. विसाव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला आणि वर पायऱ्यांवर कंटाळलेल्या लोकांनी सवयीनं तेच गाणं धरलं. विल्मार मैदानात नव्हता. मिल्टन बाकावर नव्हता. तरी धरलं.

मी वर हात करून जाड्याला थांब म्हणून खुणावलं. त्याला वाटलं मी ताल देतोय. त्यानं ढोल आणखी जोरात वाजवला.

इतकी वर्षं मला वाटायचं, मैदानात गाणं पोचतं ते नुसतं गुंजत असेल, पोळ्यातल्या माश्यांसारखं. तसं नाही. नदीवरचा वारा शब्द न शब्द खाली आणतो. खांब. थांब. पिकली. विकली. स्वच्छ, एकेक, जवळ येऊन कुणी कानात सांगावं तसं. कुणाचा आवाज आहे तेही ओळखू येतं. चार ओळी संपायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायच्या, आणि मी तिथे उभा राहून मोजत होतो, तीन आठवडे, तीन सामने, दर सामन्याला नव्वद मिनिटं, आणि विल्मारनं इथे उभं राहून, हे कानात घेऊन, आपल्या पोरांना ऐकू जावं म्हणून किती जोरानं ओरडावं लागलं असेल.