वेताच्या खुर्चीवरचा कवडसा

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कौल आहे. माझी गोष्ट मला एका पत्रापासून सुरू करावी लागेल. त्या पत्राला उत्तर जात नव्हते आणि ते टेबलावर, माझ्याच उन्हात, रोज थोडे थोडे पिवळे पडत होते.

पत्र काकांच्या धाकट्या बहिणीचे होते. काका म्हणजे ज्यांच्या घरावर मी बसलो होतो ते. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात त्यांची हयात गेली. बहिणीने लिहिले होते, "दादा, छप्पर बदलताना घरात राहू नकोस. माझ्याकडे ये. येतोस की नाही, एवढंच कळव." काका रोज उत्तर लिहायला बसत. एक ओळ लिहीत, खोडत, वर दुसरी लिहीत, तीही खोडत. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःचे एक वाक्य कधी धड वाटत नसे. शेवटी कागदावर नुसत्या खोडलेल्या रेघा उरत.

आता माझे सांगतो. माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून साच्यात ओतली आणि मी झालो. मातीच्या कौलांमध्ये मला बसवले, तेव्हा ती मला हसली. "ह्याच्या पोटात काही राहायचं नाही," ती म्हणाली. खरेच होते ते. वरून पडलेले ऊन मी जसेच्या तसे खाली सोडून देत असे. त्या उन्हाचा एक चौकोनी कवडसा खोलीत पडे. सकाळी भिंतीवर, मग टेबलावर, दुपारी वेताच्या खुर्चीवर, आणि उतरत्या उन्हात उंबऱ्यावर.

वेताची खुर्ची काकूंची. त्या शिवणकाम करत आणि त्यांची नजर अधू होती. दुपारी कवडसा खुर्चीवर आला की त्या मान वाकवून बसत आणि दिवसभराच्या सुया ओवून घेत. "बिनतेलाचा दिवा आहे हो आपला," असे त्या म्हणत, तेव्हा मला वर बसल्या बसल्या मोठे झाल्यासारखे वाटे. त्यांना आणखी एक खोड होती. पत्र पेटीत टाकले, की झाकण पुन्हा उचलून ते नीट पडले का, ते पाहायचे. "पेटी काय पत्र परत देणार आहे?" काका चिडवत. "तुमची पत्रं आहेत ती," काकू म्हणत, "ती आतसुद्धा लाजून बसायची."

मग काकू गेल्या. मला कोणी पुसेनासे झाले. माझ्या कडांना शेवाळ धरले, पाचोळा साचला. खालचे घर गप्प झाले.

आणि एका दुपारी माझा कवडसा खुर्चीवर पोहोचला, तेव्हा तो अख्खा नव्हता. त्याच्या मधोमध काळोख होता. वाकलेल्या मानेसारखा. त्याच्यापुढे दोन बारीक सावल्या एकमेकींजवळ येत, थांबत, पुन्हा येत.

मला वाटले, माझ्यावरच काही पडले असेल. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, मी लख्ख धुऊन निघालो. दुपारी ऊन पडले आणि सावली पुन्हा आली. मित्रांनो, आकाशात ढग नव्हता. सूर्य आणि ती खुर्ची यांच्यामध्ये माझ्याखेरीज काही नव्हते.

काकांनीही पाहिले. ते ओरडले नाहीत की पळाले नाहीत. हातातले पुस्तक त्यांनी हळूच पालथे ठेवले, आवाज होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीशेजारी शिवणाची टोपली आली.

एकदा शेजारीण भर दुपारी त्याच खुर्चीत टेकली.

"उठा! तिथे नको," काका एकदम म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"अगंबाई, खुर्ची सोन्याची आहे की काय?" म्हणत ती उठली. मग तिने हात चोळले. "पण हो, भर उन्हात ही अशी बर्फासारखी कशी?"

ती पुन्हा दुपारची आली नाही.

असे दिवस चालले होते, तोवर छपराचा मिस्त्री आला. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. तो वर चढला, एक वासा त्याने बोटाने टोकरला आणि त्याचा भुगा खाली काकांच्या पुस्तकावर पडला.

"काका, हे छप्पर नुसतं सवयीनं उभं आहे. उतरवताना तुम्ही आत नको."

"मी कोपऱ्यात बसेन. तुम्हाला त्रास नाही द्यायचा मी."

"कोपऱ्याला काय वेगळं छप्पर आहे? वासा डोक्यात बसला तर तुमची बहीण मला फाडून खाईल. जा की तिच्याकडे. मागे ठेवायला घरात आहे तरी कोण तुमच्या?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "ते काचेचं कौल नव्या छपरात बसेल?"

"टिनात काच? गळेल की धो धो!"

त्या दिवशी काका खुर्चीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांची अडचण मला वरून स्पष्ट दिसत होती. राहिले तर जिवाला धोका, आणि गेले तर कोणाला तरी उघड्यावर टाकून गेल्यासारखे. टेबलावरच्या कागदावर त्या दिवशी एक रेघही उमटली नाही.

मिस्त्रीने काम स्वयंपाकघराकडून सुरू केले. खोलीवरची कौले उतरवायची वेळ आली, तेव्हा त्याने काकांना हाताला धरून अंगणात नेऊन बसवले. माझ्या कडेखाली बोटे शिरली आणि मी सुटलो. खाली खोलीभर ऊन सांडले. भिंती, टेबल, खुर्ची, सगळे एकाच उजेडात बुडाले. कवडसा उरलाच नाही. काका दारातून डोकावले. खुर्चीत ऊन होते, निव्वळ ऊन. पुस्तकाचे शेवटचे पान फाडलेले निघावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

मिस्त्रीने मला अंगणातल्या स्टुलावर, पायरीपुढे, एका विटेच्या आधाराने उभे ठेवले. "हे फोडत नाही हं काका, तुमचा जीव आहे ह्याच्यात."

दुपारचे ऊन माझ्यातून पायरीवर उतरले. चौकोनी कवडसा पडला, आणि त्यात हळूहळू एक वाकलेली मान उमटली. दोन बारीक सावल्या जवळ आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या.

मिस्त्री पाणी पीत होता. त्याने पायरीकडे पाहिले, झटकन मागे पाहिले, पुन्हा पायरीकडे पाहिले. मागे कोणी नव्हते.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "कोण आलं होतं हो आत्ता?"

"आमच्या घरातलंच माणूस आहे," काका म्हणाले.

मिस्त्रीने भांडे खाली ठेवले आणि जेवायला तो घराच्या मागच्या बाजूला गेला.

काकांनी गुडघ्यावर कागद घेतला. एकदाही न थांबता लिहिले. एक शब्द चुकला, तोही तसाच राहू दिला. मग ओठ हलवत त्यांनी ते वाचले आणि मी ऐकले: "मी येतो. ऊन येणाऱ्या खिडकीपाशी एक खुर्ची ठेव. दुपारी तिच्यावर कोणी बसू नका."

मित्रांनो, जुने छप्पर बदलावेच लागते, त्याला इलाज नाही. पण उतरवलेले कौल ढिगावर भिरकावण्याआधी एकदा हातात घ्या, पुसा, उन्हात धरून पाहा. त्याच्या आधाराने कोण राहत होते, ते आपल्याला ठाऊक नसते.

काकांनी मला काकूंच्या शालीत गुंडाळून काखेत घेतले. एक कड उघडी राहिली होती, म्हणून मला दिसले. गल्लीच्या टोकाला पत्रपेटी होती. काकांनी पत्र आत सोडले, ते तळाशी पडल्याचा आवाज झाला, आणि ते चालू लागले.

त्यांच्या पाठीमागे पेटीचे झाकण पुन्हा एकदा सावकाश उचलले गेले आणि अलगद मिटले.