बावीस मशिनी खाली

"बसा ना काका," तनुजा मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"बसायला न्हाई आलो म्याडम. ह्ये वाचा, आन् ह्यात खोटं काय हाय त्ये बोट ठिवून दाखवा."

आनंदराजने पिशवीतून नोंदवही काढली आणि टेबलावर ठेवली. नांदेडहून सुटणाऱ्या पहिल्या एसटीने तो लातूरला आला होता. लोह्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, हा जागचा हलला नाही. खिशातला मेमो त्याने अहमदपूर येईपर्यंत दोनदा वाचला आणि चाकूरच्या पुढे पुन्हा एकदा. मजकूर काही बदलला नव्हता. 'आपण नोंदवहीत खोटी नोंद केल्यामुळे संस्थेच्या प्रकल्पाचे नुकसान झाले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात तो संगणक लॅबचा सहायक होता. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. एवढ्या वर्षांत त्याला साधी तोंडी समज मिळाली नव्हती, आणि आता शेवटच्या महिन्यात मिळाला तो थेट मेमो. त्यातही 'चुकीची' असं म्हटलं असतं तर त्याने गिळलं असतं. 'खोटी' हा शब्द मात्र काही केल्या घशाखाली उतरत नव्हता.

त्यालाही कारण होतं. त्याचा बाप केरबा नायगावकडे मजुरी करायचा आणि लोक सांगतील तिथे अंगठा उठवायचा. कागदावर काय लिहिलंय ते त्याला जन्मभर दुसऱ्यांनीच सांगितलं, आणि बऱ्याचदा भलतंच सांगितलं. म्हणून आनंदराज सही करण्याआधी आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायचा. पोरं त्याची टिंगल करायची. "काका, माउसचीबी नोंद वाचून पाहून राहिले का?" म्हणायची. हा मान वर न करता "हाव" म्हणायचा.

मेमो आल्यावर दोन दिवस त्याने घरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने ठेचा मागितला नाही, तेव्हा बायकोने, विशाखाने, ताट जागच्या जागी धरून ठेवलं आणि काय झालं ते त्याच्याकडून काढून घेतलं.

"फाडून टाका की," ती म्हणाली. "तुमी खोटं लिव्हत न्हाई, गावाला ठाव हाय."

"गावाला ठाव हाय, फायलीला न्हाई."

पहाटे तिने डबा भरून दिला आणि लातूरला जा म्हणाली.

प्रकल्प मोठा होता. संस्थेची नांदेड, लातूर आणि उदगीर अशी तीन कॉलेजं. तिन्हीकडच्या लॅब मिळून शंभरावर संगणक, आणि दिवसातले कित्येक तास त्यातले निम्मे नुसतेच बसलेले. शेजाऱ्यांनी सावडीने एकमेकांची रानं काढावीत, तसं या सगळ्यांनी मिळून एकच मोठं गणित सोडवायचं, असं ठरलं होतं. त्याला ग्रिड म्हणायचे. गणित होतं तीस वर्षांच्या पावसावरून विहिरींच्या पाण्याचा अंदाज काढायचं, म्हणजे लातूरकरांच्या जिव्हाळ्याचं.

पण कोणता संगणक मोकळा आहे हे ग्रिडला कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक लॅबने दर तासाला स्थिती नोंदवून पाठवायची. लोकांचे शब्द वेगवेगळे, म्हणून पुण्याहून येऊन लातूरच्या कॉलेजात बसणाऱ्या तनुजा मॅडमनी ऑन्टॉलॉजी बांधली होती. जूनमध्ये त्या विष्णुपुरीला आल्या तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं होतं. "हे शब्दांचं गोत आहे, काका. यंत्राला आत्या म्हणजे काय ते कळत नाही. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, असं नातं सांगितलं की मग त्याला कळतं."

"मंग मामाची पोरगी सांगितली तर लगीनबी जमवतंय का?" आनंदराजने विचारलं होतं, आणि मॅडम पोट धरून हसल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "तुम्ही तुमच्या नेहमीच्याच शब्दांत भरा. शब्द समजून घेणं आमचं काम."

त्याने तसंच भरलं. चार तारखेला पहिली चाचणी झाली. विष्णुपुरीतल्या छत्तीसपैकी चौदा मशिनींवर पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. ग्रिडने मोकळ्या बावीस मशिनींना हात लावला नाही आणि 'चालू' दिसल्या म्हणून सगळा भार त्या चौदांवर टाकला. पडदे गोठले. एक पोरगी रडायला लागली आणि पाऊण तास परीक्षा थांबली. मग चौकशी समिती बसली.

आता मॅडमनी वही जवळ ओढली आणि चार तारखेचं पान काढलं.

"ही ओळ," त्या म्हणाल्या. "'एक ते चौदा परीक्षा चालू. पंधरा ते छत्तीस खाली.' काका, तुमची लॅब वरच्या मजल्यावर आहे. मी स्वतः जिना चढून आले होते. मग बावीस मशिनी खाली कशा असतील?"

"खालीच होत्या!"

"अहो, खाली तर ऑफिस आहे."

"ऑफिसाचं काय घिऊन बसलात म्याडम? मशिनी खाली होत्या म्हंजी खाली होत्या. माझ्या डोळ्यानं पाहिल्या."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या आणि तो मॅडमकडे. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, इतका वेळ ज्या खुर्चीवर तो बसत नव्हता ती त्याने खर्रकन पुढे ओढली.

"ही खुर्ची खाली हाय का न्हाई?"

मॅडम वाकल्या आणि त्यांनी खुर्चीच्या खाली पाहिलं.

मॅडम सावकाश ताठ झाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"रिकामी?" त्यांनी विचारलं.

"मंग? कुणी बसलंय का तिच्यावर?"

त्या उठून संगणकाकडे गेल्या. उदगीरची लॅब दोन मजल्यांवर होती, तिथले लोक नोंदीत 'वर' आणि 'खाली' असे मजले लिहायचे. उदगीरच्या तळमजल्यावरच्या मशिनी ऑफिसच्या, म्हणून तळमजल्याला हात लावायचा नाही, असा नियम मॅडमनीच घातला होता. ऑन्टॉलॉजीत 'खाली'चं नातं तळमजल्याशी लावलेलं होतं. त्यामुळे आनंदराज मशीन मोकळी म्हणून जितकं प्रामाणिकपणे सांगत गेला, तितकं ग्रिड तिच्यापासून लांब पळत गेलं. समितीतले तिघेही इथलेच होते, 'खाली' म्हणजे रिकामं हे त्यांना ठाऊक होतं. पण वही कुणी उघडलीच नाही. त्यांनी फक्त ग्रिडचा छापलेला अहवाल वाचला, आणि त्यात 'खाली'चा 'तळमजला' होऊन बसला होता.

"पण तुम्हीसुद्धा 'खाली उतरा' म्हणता ना?" मॅडमनी विचारलं.

"म्हंतो की. त्ये खाली येगळं, ह्ये खाली येगळं."

"ओळखायचं कसं?"

"बोलणारा माणूस समोर असला की कळतंय."

मॅडमनी दुरुस्ती केली. विष्णुपुरीच्या नोंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, काम देण्याजोगे; 'परीक्षा चालू' म्हणजे हात लावायचा नाही. शेवटी एक चौकट होती, अर्थ कोणी सांगितला याची. त्यांनी टाइप केलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. 'आनंदराज केरबा गजभारे, विष्णुपुरी.' आनंदराजने ते दोनदा वाचलं. बापाचं नाव अंगठ्याच्या ठशाशिवाय लिहिलेलं होतं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "आता मेमोचं काय?"

मॅडम घुटमळल्या. पुढच्या आठवड्यात प्रकल्पाची तपासणी होती. "काका, नऊच दिवस राहिलेत तुमचे. कोण बघणार आहे तो कागद?"

"नऊच राहिलेत म्हणून तर आलो. वरीस राहिलं असतं तर वागून दाखवलं असतं."

मॅडम पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं, 'नोंद खरी होती. अर्थ लावण्यात माझी चूक झाली.' खाली सही केली. आनंदराजने तेही वाचून मगच घडी घातली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात कारकून बजरंगने पत्र उलटसुलट पाहिलं. "जावक नंबर पडलेला मेमो निघत नसतो, आनंदराज. ह्ये पत्र त्याला जोडता येईल फक्त."

"माझ्या म्होरं जोड."

बजरंगने टाचणी घेतली. "वर जोडू का खाली?" त्याने विचारलं. आनंदराज इतका दचकला की बजरंग घाबरून म्हणाला, "काय झालं?"

"वर," आनंदराज म्हणाला. "आधी पत्र वाचू दे लोकायला."

दुसरी चाचणी नीट पार पडली. विष्णुपुरीच्या मोकळ्या मशिनी सगळ्या मिळून घुमत होत्या आणि आनंदराज रांगेतून नुसता फिरत होता. एका जागी त्याचा पाय ठरत नव्हता. त्याच आठवड्यात संस्थेचं परिपत्रक आलं. एक तारखेपासून कुणीही स्वतःचे शब्द लिहायचे नाहीत, पडद्यावरच्या यादीतला शब्द निवडायचा. यादी आनंदराजने वरून खालपर्यंत वाचली. तीत 'रिकामे' होतं, 'खाली' नव्हतं.

एकतीस तारखेला शाल झाली, नारळ झाला, चार भाषणं झाली. पाच वाजता लॅब मोकळी झाल्यावर तो वर आला. विशाखा जिन्यापाशी हार आणि पिशवी घेऊन थांबली होती. त्याने खिडक्या लावल्या, मशिनी पाहिल्या आणि उभ्या उभ्याच वही उघडली.

'सायंकाळी पाच. एक ते छत्तीस खाली.'

पेन तसंच थांबलं. मग त्याने पुढची ओळ लिहिली.

'सहायकाची खुर्ची खाली.'

त्याने दोन्ही ओळी पहिल्यापासून वाचल्या. त्यात खोटं काही नव्हतं. त्याने सही केली.